राखलेलं पाणी

४ फेब्रुवारी

गॅरेजमध्ये गाडी काही आली नाही, टाकी आली. लग्न झाल्यापासून ऐकतेय, गाडी घेऊ, गाडी घेऊ. आता त्या जागेत स्टीलची लांबलचक टाकी बसलीय, माणूस आडवा झोपेल एवढी, आणि हे तिच्याभोवती नव्या नवरदेवासारखे फिरतायत. चालायचंच. पोहण्याच्या तलावावर पाणी राखण्यात उभा जन्म काढला, निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांना राखायला पाणीच उरलं नव्हतं. बादल्यांकडे बघत बसायचे.

कल्पना माझी, हे इथे लिहून ठेवते, नंतर वाद नको. पालेभाजी सगळ्यांना हवी असते, निवडायला आणि धुवायला कुणालाच नको असते. आपण निवडून, चिरून, धुऊन, पाणी काढून पाकिटात भरायची. पाकीट फोडलं की थेट ताटात. पालक, कोथिंबीर, सॅलडची पानं. शेजारच्या वहिनी चिरायला बसणार, मी निवडायला आणि भरायला, पाणी ह्यांच्याकडे. कपडे पिळायचं गोल फिरणारं यंत्र नवंकोरं आणलंय, त्यात पानं घालून फिरवली की कोरडी होतात. वहिनींनी आत डोकावून विचारलं, ह्यात कुणाचा पायजमा नाही ना गेला कधी? मी म्हटलं, अजून नाही, पण ह्यांचा काही भरवसा नाही.

खरी मेख मला आज कळली. दूध तापवता येतं, पाणी उकळता येतं, पानं उकळता येत नाहीत. ऊब लागली की पान मेलं. म्हणजे जंतू तर मारायचे, पण गारच्या गार. मला जरा धाकधूक वाटली. ह्यांना हसू आलं. म्हणाले, तलाव काय आम्ही उकळत होतो? पोरं त्यात दिवसभर डुंबायची, पाणी प्यायची, नको ते करायची, एक पोर आजारी पडलं नाही. तेच क्लोरीन इथे, तलावापेक्षा जरा जास्त. बाकी सगळं लक्ष देण्याचं काम.

लेक जिन्यात येऊन बसली होती आमची गंमत बघत. जावई बोटीवर गेल्यापासून ती वरच्याच खोल्यांत असते. आठ वर्षांनी राहिलंय तिला. हे मी मोठ्याने बोलत नाही, इथे लिहिते तेवढंच.

११ फेब्रुवारी

आज माझी मलाच शाबासकी. पानं शेतावरून येतात ती टेम्पोत तापून, हात लावला तर कोमट, माना टाकलेली. वहिनी म्हणाल्या, आधी सावलीत निवू देत, मग पाण्यात घालू. निवायची वाट बघत बसलो तर दुपार इथेच व्हायची. मी म्हटलं, द्या इकडे, आणि टोपली तशीच बर्फाच्या पाण्यात बुडवली. बघता बघता तरारली. शिरा टंच, कडा ताठ, चावलं तर करकर आवाज. पान अगदी घटाघटा पाणी पितं म्हणायचं. आता हाच आपला शिरस्ता. गिऱ्हाइकांना तो करकरीतपणाच आवडतो, कोपऱ्यावरच्या खानावळीचा आचारी म्हणाला, अशी पानं बाजारात बघितली नाहीत.

आता एवढं गार केलेलं पाणी संध्याकाळी गटारात सोडायचं? ह्यांच्या जिवाला ते सोसत नाही. मी पहिल्या दिवशी बूच काढायला गेले तर असे धावत आले की मला वाटलं पाय घसरला. पाणी फेकायचं नसतं, राखायचं असतं, तलाव काय रोज रिकामा करतात? असं आख्खं व्याख्यान ऐकवलं. ओळखीने तलावावरची जुनी गाळणी आणून बसवलीय. पाणी गाळून फिरत राहतं, कमी पडलं की भर घालायची, औषध घालायचं. सोमवारी नवीन भरायचं, मग आठवडाभर तेच पाणी, आणि तळाचा खिळा दिसेल असं नितळ.

संध्याकाळी ह्यांची पूजा असते. म्हणजे काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून बघायचं. पिवळं झालं की औषध आहे. रोज पिवळं होतं. आणि रोज हे माझ्याकडे असे बघतात की जणू वर्गात पहिले आले.

२६ फेब्रुवारी

खानावळ, दोन ऑफिसांची कँटीन, पलीकडच्या गल्लीतला वृद्धाश्रम आणि घरोघरची गिऱ्हाइकं. माझी बोटं हिरवी झाली आहेत. वृद्धाश्रमाच्या बाई म्हणाल्या, आमच्या आजी-आजोबांना चावायला कोवळं लागतं, आणि तुमचं स्वच्छ असतं म्हणून बिनधास्त कच्चं देते.

ह्यांचा आवाज चढलाय आजकाल. गॅरेजमध्ये गाणी म्हणतात. मी ओरडते, पण मनातून बरं वाटतं.

९ मार्च

लेकीचं काही खरं नाही. पाचवा लागला तरी उलट्या थांबत नाहीत. वास आला की तोंड फिरवते, शिजलेलं काही ठरत नाही पोटात. मी काय काय करून बघितलं. आज जिन्यात बसल्या बसल्या तिने टोपलीतलं एक पान उचलून खाल्लं, मग दुसरं, मग मूठभर. आणि राहिलं पोटात. मला रडूच आलं, वहिनींसमोर.

ह्यात लोह असतं म्हणतात. आता तिच्यासाठी रोज वेगळं काढायचं. विकायच्या पाकिटातलं नको, तिला मी माझ्या निवडीचं देईन. टोपल्या बुडवताना अगदी कोवळी पानं जाळीतून निसटतात आणि टाकीतच तरंगत राहतात, ती मी संध्याकाळी हाताने वेचून घेते. दिवसभर गार पाण्यात राहिलेली, सगळ्यांत करकरीत. ती पोरीची. हे म्हणाले, मालाची मलई घरात ठेवतेस. मी म्हटलं, ठेवणारच.

१७ मार्च

एक यंत्रवाला आला होता. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात पेटी. पानं धुण्याच्या नव्या रीती समजावत होता. एका यंत्रात ओझोन की काय तो वायू पाण्यात सोडतात. एकात मिठाच्या पाण्यातून वीज घालवतात. एकात निळसर दिवे, एकात माणसाला ऐकू न येणारा आवाज, त्याने पानावरचा मळ सुटतो. मी म्हटलं, आमच्याकडे माणसाला ऐकू येणारा आवाज आहे, ह्यांचा, त्याने काही सुटत नाही. हसला बिचारा.

पण मग टाकीकडे जाऊन वास घेतला आणि विचारलं, पाणी कधी बदलता? ह्यांनी सांगितलं, राखतो. तो म्हणाला, काका, चिरलेल्या पानाचा रस औषध खाऊन टाकतो. माझं यंत्र घ्या नाहीतर नका घेऊ, पण पाणी बदला. यंत्र लावलंत तरी बदलावंच लागेल. आणि पाणी पान साफ करायला नसतंच म्हणे, एका पानाची घाण दुसऱ्या पानाला लागू नये यासाठी असतं.

ह्यांचा चेहरा बघवेना. त्याच्यापुढे नळी धरली, थेंब टाकले, पिवळंधमक. "हे काय आहे मग?" तो म्हणाला, पिवळ्यावर जाऊ नका, मी दुसरी तपासणी करून दाखवतो. झालं, मला कळलं. आधी घाबरवायचं, मग पेटी उघडायची. मी चहाचा कप त्याच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतला. काल मिशी फुटलेला मुलगा ह्यांना पाणी शिकवणार? ह्यांच्या हाताची कातडी क्लोरीनने पांढरी पडली तेव्हा हा पाळण्यात होता.

जाताना कार्ड ठेवून गेला. मी ते खिडकी वाजते तिथे फटीत घातलं.

२८ मार्च

प्रयोगशाळेचा कागद आला. पानं उत्तम. वृद्धाश्रमाला असा कागद लागतो म्हणून मी नमुना दिला होता. सोमवारी सकाळी, नवीन पाणी भरल्या भरल्या जी पहिली टोपली निघते ती. उगाच संध्याकाळचा चोळामोळा कशाला पाठवायचा? मुलगी दाखवायची तर नीटनेटकी करूनच दाखवतात.

ह्यांनी तो कागद भिंतीला चिकटवला, तिरका. मी सरळ केला.

१२ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. पानं येतात ती भाजून आल्यासारखी, आणि मागणी दुप्पट. टोपली काढली की दुसरी, दुसरी काढली की तिसरी. टाकीला जरा तलावासारखा वास येतो आता. गिऱ्हाइकांना नाही कळत, पंख्याखाली उडून जातो. मी ह्यांना म्हटलं, औषध जास्त झालंय का? म्हणाले, वास येतोय म्हणजे काम चाललंय. तलावावरही गर्दीच्या दिवशी असाच यायचा.

लेकीच्या फ्रिजमध्ये मागच्या आठवड्याचा डबा सापडला. मी टाकायला निघाले तर म्हणाली, आई, बघ तरी. एक पान काळं पडलेलं नाही. करकरीत. तिने तिथेच उभ्याने खाल्लं. मला काय अभिमान वाटला. बाजारातली पानं तीन दिवसांत लगदा होतात.

पोट छान दिसायला लागलंय. लाथ मारली की मला वर बोलावते, मी पोहोचेपर्यंत आतलं शहाणं थांबतं. आज मात्र हात ठेवला आणि लागली. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, पोहणार ते. त्यांना दुसरं काही सुचतच नाही.

२६ एप्रिल

लेकीला कसर आहे. अंग मोडून आलंय, पाठ दुखते. ताप फार नाही. सध्या सगळीकडे तापाची साथच आहे, खानावळीचा आचारीही नाही आला दोन दिवस. मी तिला म्हटलं, जरा पडून राहा, जिने चढउतार बंद. भूक नाही म्हणाली, तरी मी थोडी पानं दिली. तेवढीच खाल्ली माझ्या समाधानासाठी.

२९ एप्रिल

ताप उतरला, मग परत चढला. आज दवाखान्यात ठेवून घेतलं. बाळाचे ठोके ऐकवले, चांगले टकटक चालू आहेत, पण डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. रक्त काढलं, लघवी तपासायला घेतली, सलाइनमधून औषध सुरू केलं.

मग प्रश्न. बाहेरचं खाल्लं का? शिळं? फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेलं? न तापवलेलं दूध? कच्चं काही? लेक ग्लानीत होती, म्हणाली, आई सांगेल. मला रागच आला. मी म्हटलं, बाई, ही पोर काही बाहेर जेवत नाही. सगळं घरचं, ताजं, माझ्या हातचं. कच्चं काही नाही.

लिहिताना मनात आलं की पानं. पण ती कच्ची कुठे? कच्चं म्हणजे न धुतलेलं, शेतातून आणून तसंच तोंडात टाकलेलं. आपली तर निवडलेली, औषधाच्या पाण्यातून काढलेली, कागदावर उत्तम लिहून आलेली. तेवढ्यासाठी परत जाऊन त्या बाईंना काय सांगत बसायचं? हे दाराशी उभे होते. उगीच त्यांना वाटलं असतं की मी त्यांच्या पाण्यावर संशय घेतला.

१ मे

वृद्धाश्रमाच्या बाईंनी फोन करून पाकिटं बंद केली. त्यांच्याकडच्या दोघांना ताप आला, एका आजोबांना इस्पितळात नेलंय, मान ताठली म्हणाल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, थंड, न शिजवलेलं काय देता? त्यांनी आमचं नाव सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐंशीच्या पुढची माणसं, त्यांना ताप यायला काय पानंच लागतात? नाव ठेवायला कुणीतरी पाहिजे, आम्ही सापडलो.

हे उठून गॅरेजमध्ये गेले. मग नळी काढली, थेंब टाकले. पिवळं. मला दाखवलं, स्वतःला दाखवलं, परत खिडकीशी नेऊन दाखवलं. त्या यंत्रवाल्याला बोलवायचं ठरवलंय मी. त्याची ती दुसरी तपासणी आमच्यासमोर करू दे, आणि पाणी चांगलं आहे असं त्याच्याच हाताने लिहून घेऊ. मग बघते आश्रमाच्या बाईंकडे.

लेकीचा ताप कालच्याइतकाच. डोळे उघडून हसली माझ्याकडे. मी तिला आश्रमाचं काही सांगितलं नाही.

३ मे

काल लिहिता आलं नाही. आज जमेल तेवढं लिहिते.

यंत्रवाला काल सकाळी आला. मागचं काही मनात ठेवलं नव्हतं त्याने. आधी नळाचं पाणी घेतलं, त्यात आमचंच औषध घातलं, त्याची पुडी टाकली. गुलाबी झालं. ह्यांनी आपले थेंब टाकून दाखवले, पिवळं झालं. मी म्हटलं, झालं की मग, दोन्ही बरोबर. मग त्याने टाकीतलं पाणी घेतलं. तोवर सकाळच्या टोपल्या होऊन गेल्या होत्या. ह्यांच्या नळीत पिवळं. त्याच्या नळीत पुडी विरघळली आणि पाणी तसंच राहिलं. साधं. मी वाट बघत होते, आता होईल, आता होईल.

ह्यांनी परत करायला लावलं. नवीन नळीत. तिसऱ्यांदा टाकीच्या दुसऱ्या टोकाचं पाणी घेऊन. मग म्हणाले, "माझी नळी धुतलेली नसेल." तीस वर्षांत मी त्यांना हे म्हणताना ऐकलं नव्हतं.

त्याने हळू आवाजात सांगितलं, त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. औषध रसाला चिकटतं आणि तिथेच खलास होतं. पिवळे थेंब जिवंत औषधही मोजतात आणि खर्ची पडलेलंही. येतो तो वास खर्ची पडलेल्याचाच. त्याने विचारलं, तलावावर दुसरी तपासणी कोण करायचं? हे बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले, एक बाई यायच्या पेटी घेऊन, दर आठवड्याला, गुलाबी रंगाचं काहीतरी करायच्या आणि साहेबांना सांगून जायच्या. "मला वाटायचं, त्या माझं काम तपासायला येतात."

मी अजून भांडतच होते. मी म्हटलं, पाणी तसं असेल, पण पानं आम्ही वरून परत स्वच्छ पाण्याने विसळतो. तेवढ्यात टेम्पो आला आणि वहिनींनी सवयीने टोपली उचलून टाकीत बुडवली. तो बघतच राहिला. गरम पानं थेट गार पाण्यात? मी म्हटलं, मग, त्यानेच तर तरारतात. तो म्हणाला, "काकू, गरम पान गार होताना आत ओढून घेतं. जे पाण्यात असेल ते सगळं. आत गेलेलं वरून कसं विसळणार?" आणि फ्रिजमध्ये ठेवून सगळे जंतू थांबत नाहीत, एक असा आहे की तो थंडीतच सावकाश वाढतो, म्हाताऱ्यांना, आणि... तिथे तो थांबला, कारण मी टाकीच्या कडेला हात टेकला होता.

मला तो डबा दिसला. लेकीच्या फ्रिजमधला. टाकीच्या पाण्यातून दिवसाच्या शेवटी मी माझ्या हाताने वेचलेलं एकेक पान दिसलं. त्याचं बोलणं अर्धं टाकून मी चपला घातल्या. हे मागून आले की नाही तेही बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या कुणाला तपासत होत्या. मी पडद्याच्या आत गेले. "तुम्ही कच्चं खाल्लं का विचारलंत, मी नाही म्हटलं. ती रोज कच्ची पानं खात होती. मी देत होते." त्यांनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, दोन महिने होत आले. कुठली पानं? म्हटलं, आमचीच.

त्या एक शब्द बोलल्या नाहीत मला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून गेल्या, नर्सला चालू औषध थांबवायला सांगितलं, दुसरं लिहून दिलं. हा जंतू असेल तर आधीच्या औषधाला दाद देत नाही म्हणाल्या. रक्ताचा तपास अजून यायचा आहे, पण आता वाट बघायची नाही. मग म्हणाल्या, तीन दिवस आधी कळलं असतं तर... आणि पुढचं तोंडातच ठेवलं.

हे बाहेर बाकावर बसलेले सापडले. त्यांना मी काही म्हटलं नाही. मला कुणाला काही म्हणायचा अधिकार राहिलेला नाही.

५ मे

काल दुपारी ठोके लागले नाहीत. नर्स यंत्र पोटावरून फिरवत राहिली, इकडून, तिकडून, आणि लेक तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मुलगी होती.

७ मे

रक्ताचा कागद आला. तोच जंतू. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लेक आता धोक्याबाहेर आहे, वेळेवर औषध बदललं गेलं. वेळेवर म्हणाल्या. कारण कुठलं हे तिला आम्ही सांगू की तुम्ही सांगता, असंही विचारलं. मी म्हटलं, मी.

हे घरी जाऊन टाकी रिकामी करून आलेत. गाळणी सोडून ठेवली, टोपल्या उन्हात उपड्या घातल्या, वहिनींना येऊ नका सांगितलं. आल्यापासून खोलीच्या बाहेर बसून आहेत. आत येत नाहीत. जेवायला आणलं तर डबा तसाच मांडीवर. मी बोलावलं तर म्हणाले, तिच्यासमोर कसा उभा राहू?

मी आत गेले तेव्हा लेक जागी होती. मी रडत नव्हते, पण तिला कळलं. माझा हात घेऊन स्वतःच्या गालाखाली ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. म्हणाली, "आई, तू नको ग मनाला लावून घेऊ. तू होतीस म्हणून मी इतके दिवस तग धरला. ती पानं नसती तर मी काय खाल्लं असतं?"

तिथेच गप्प बसता आलं असतं मला. खरंच आलं असतं. ती कधी विचारणार नव्हती. जावई आल्यावर त्यालाही तिने हेच सांगितलं असतं, आईने किती केलं. मी हात सोडवून घेतला, कारण तो हात तिच्या गालाखाली ठेवून मला बोलता येईना, आणि सांगितलं. पाण्याचं सांगितलं, पानांचं सांगितलं, संध्याकाळी वेचायचे ते सांगितलं, डॉक्टरांना नाही म्हटलं तेही सांगितलं. ह्यांचं नाव घेतलं नाही. कल्पना माझी होती.

ती भिंतीकडे वळली. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधी बोलणार नाही, आणि मला ते कबूल होतं. तिची पाठ हलत होती. मी पलंगाच्या पायाशी उभी होते, बसायची हिंमत झाली नाही.

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच तिने विचारलं, "बाकीच्यांना सांगितलंत?"

मला समजेना, कोण बाकीचे.

"आई, पाकिटं गेलीत ना घरोघर. लोकांच्या फ्रिजमध्ये असतील."

आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या दिवसांत आम्हा दोघांपैकी एकाच्याही नाही. मी बाहेर आले, ह्यांच्या मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला आणि त्यांना सांगितलं. ह्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.

पहिला फोन मी लावला. कोपऱ्यावरच्या इमारतीतलं घर, दर शनिवारी दोन पाकिटं. सासूबाईंनी उचलला. मी म्हटलं, पानं खाऊ नका, असतील ती टाकून द्या. त्या म्हणाल्या, अहो, ती तर सुनेनेच संपवली, तिला फार आवडतात. तिलाच देऊ का फोन? नको, झोपू दे, दोन दिवस अंग कसकसतंय तिचं.